न्यूरोसर्जनचा हात कुठे बसतो?

न्यूरोसर्जरीतल्या ज्येष्ठांची एक तक्रार देशोदेशी ऐकू येते. पूर्वीचे निवासी डॉक्टर रात्रंदिवस रुग्णालयात राबत, म्हणून त्यांचा हात बसला. आता कामाच्या तासांवर मर्यादा आली आणि हात कच्चे राहू लागले. या तक्रारीमागची कळकळ खरी आहे, निदान मात्र चुकीचे आहे. या शाखेचे शिक्षण पुढे सरकले ते नवशिक्याची पहिली चूक रुग्णाच्या डोक्यापासून दूर नेता आली तेव्हा.

रात्रंदिवस राबण्याची प्रथा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातली. 1889 मध्ये ते सुरू झाले आणि विल्यम हॉलस्टेड यांनी जर्मन विद्यापीठांच्या धर्तीवर तिथे शल्यचिकित्सेची रेसिडेन्सी उभारली. तिला ठरलेली मुदत नव्हती. हात तयार झाला असे गुरूला वाटेल तेव्हा शिक्षण संपे. न्यूरोसर्जरीचे एक प्रवर्तक हार्वे कुशिंग याच मुशीतले. पण त्यांनी शिक्षणाला दिलेली खरी देणगी वेगळी आहे. विद्यार्थिदशेत, बॉस्टनला, त्यांनी भूल दिलेला रुग्ण दगावला होता. त्यानंतर त्यांनी मित्र कॉडमन यांच्यासह भूल देताना नाडी आणि श्वास यांचा तक्ता ठेवायला सुरुवात केली. पुढे हॉपकिन्सच्या हंटेरियन प्रयोगशाळेत ते विद्यार्थ्यांना कुत्र्यांवर शस्त्रक्रिया शिकवू लागले, आणि तिथली शिस्त माणसांच्या थिएटरइतकीच कडक होती. कुत्र्याचा केसपेपर तयार होई, निर्जंतुकीकरण पाळले जाई, भुलेचा तक्ता भरला जाई, आणि प्राणी मेला तर शवविच्छेदन करून कारण शोधावे लागे. पुढे नामवंत न्यूरोसर्जन झालेले वॉल्टर डँडी यांनीही सुरुवातीचे संशोधन याच प्रयोगशाळेत केले.

कुशिंग यांच्या प्रयोगशाळेनंतर सुमारे साठ वर्षांनी तेच पुन्हा घडले: शिक्षण आधी प्रयोगशाळेत गेले. थिएटरात सूक्ष्मदर्शक आला तेव्हा नामवंत शल्यचिकित्सकांचे बसलेले हातही निरुपयोगी ठरू लागले, कारण भिंगाखाली बोटांचा बारीकसा कंपही मोठा दिसतो. न्यूरोसर्जन गाझी याशारगिल 1965 मध्ये झ्युरिकहून अमेरिकेतल्या बर्लिंग्टनला डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथे प्राण्यांच्या बारीक रक्तवाहिन्या शिवायला शिकले. 1967 मध्ये झ्युरिकला त्यांनी कानशिलाकडची धमनी मेंदूच्या धमनीला जोडली. नंतर तिथल्या प्रशिक्षण प्रयोगशाळेत जगभरचे शल्यचिकित्सक येऊन बसू लागले. उंदराची जेमतेम एक मिलिमीटरची धमनी कापायची, केसाहून बारीक धाग्याने पुन्हा सांधायची, चिमटा सोडून रक्त वाहते का ते पाहायचे. गळती दिसली की टाका उसवून पुन्हा घालायचा. ज्येष्ठता बाजूला ठेवून सराव करावा लागतो, हे त्या खोलीने या शाखेला शिकवले.

आता तासांचा मुद्दा. अमेरिकेत 2003 पासून निवासी डॉक्टरांना आठवड्याला सरासरी 80 तासांची मर्यादा आहे. युरोपात ती 48 तासांची. यावर आक्षेप असा की जिवंत मेंदूतला अचानकचा रक्तस्राव कोणत्याही प्रयोगशाळेत भेटत नाही, तो पाहायला रात्री दोनला हजर असावेच लागते. हे मान्य करायलाच हवे. पण अनुभव केवळ तासांमुळे आटलेला नाही. 2002 मध्ये क्लिप आणि कॉइल या दोन उपचारांची तुलना करणाऱ्या आयसॅट चाचणीचे निष्कर्ष आले, आणि धमनीचा फुगा कवटी उघडून क्लिप करण्याऐवजी आतून कॉइलने भरण्याकडे कल वाढला. क्लिपिंगच्या केसेसच कमी झाल्या, तर निवासी डॉक्टरला चोवीस तास जागे ठेवून त्या वाढणार कशा? दुर्मीळ झालेली प्रत्येक केस तयार हातानेच करायला हवी, म्हणजे सरावाची गरज उलट वाढली.

भारतात जेकब चँडी यांनी 1949 मध्ये वेल्लोरला या शाखेचा पहिला विभाग सुरू केला. पाठोपाठ मद्रासला बी. राममूर्ती आले. दोघेही परदेशात शिकून आलेले; पुढच्या पिढ्यांना न्यूरोसर्जरीतली एम.सीएच. ही पदवी इथेच घेता यावी, ही सोय त्यांच्या पिढीने घडवली. आपल्याकडे रुग्णांची वाण नाही, मग प्रयोगशाळेचा खर्च कशाला, असे विचारले जाते. अपघातात डोके फुटलेले रुग्ण रांगेने येतात आणि त्यांच्यावर हात बसतो, हे खरे. पण त्या हाताची पहिली चूकही त्याच गरीब रुग्णाच्या वाट्याला येते. शिवाय तास कमी झाल्याची तक्रार इथे करताच येत नाही; 1992 च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेतली आठवड्याला 48 तासांची मर्यादा बव्हंशी कागदावरच राहिली. एम.सीएच. देणाऱ्या प्रत्येक संस्थेने पहिल्याच वर्षी सूक्ष्मदर्शकाखालचा सराव सक्तीचा करावा, आणि त्याची नोंद लॉगबुकात झाल्याखेरीज निवासी डॉक्टरला रुग्णाच्या मेंदूवर हात ठेवू देऊ नये.