तळटीप : बाइट उचलून केलेली नक्कल आणि कंपाइलरची तपासणी

ज्या प्रकारातील वस्तूचे बाइट जसेच्या तसे दुसरीकडे ठेवले तरी तिचा अर्थ बिघडत नाही, त्याला सी++मध्ये ‘ट्रिव्हिअली कॉपीएबल’ म्हणतात. अट अशी, की नक्कल करताना वा वस्तू नष्ट होताना प्रोग्रामरने लिहिलेला वेगळा कोड चालता कामा नये. अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे ठेवणारी नोंद या अटीत बसते. तिच्यात गावाचे नाव ‘स्ट्रिंग’ म्हणून घातले की बसत नाही. ‘हेदवी’ हे नाव यूटीएफ-८मध्ये १५ बाइटांचे. जीसीसीच्या लायब्ररीत एवढा मजकूर स्ट्रिंगच्या पोटातच मावतो आणि तिचा पॉइंटर त्या पोटाकडेच रोखलेला असतो. नुसते बाइट उचलले तर नकलेचा पॉइंटर मूळ वस्तूकडेच राहतो. असली चूक पुढे भलत्याच ठिकाणी फुटते. म्हणून २०११च्या प्रमाणकापासून ‘स्टॅटिक_असर्ट’मध्ये ‘इज_ट्रिव्हिअली_कॉपीएबल’ लिहून कंपाइल होतानाच ती अडवता येते. तपासणी तशी भाबडीच: साधा पॉइंटर असलेली रचनाही ती बिनदिक्कत पास करते. नावासाठी १६ बाइटांचा ठरावीक अ‍ॅरे घेतला तर ‘हेदवी’ शेवटच्या शून्यासह नेमके बसते. तालुक्याचे ‘गुहागर’ मात्र १८ बाइटांचे असल्याने मावत नाही.