ठाण्याची हाडे, मंगळवेढ्याची हाडे

मी कल्याणच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. एकदा वर्गात एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने विचारले, "सर, आपल्या ठाणे भागात कुणी संत होऊन गेले का?" वसईच्या गोन्सालो गार्सियांचे नाव सांगून मी मोकळा झालो. पण तो प्रश्न माझी पाठ सोडीना. संत होतो तो कोण? आणि त्याला संत ठरवतो तो कोण?

ख्रिस्ती धर्म इकडे पोर्तुगिजांनी आणला, असा आपला समज आहे. तो खरा नाही. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या प्रवाशाने 'कलियाना' येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि हे कलियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याच्या बंदरात उतरले : तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दुभाष्याचे काम करणारा जॉर्जियाचा देमेत्रिउस. एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. त्या घरात नवऱ्याने बायकोला मारले. ती काझीकडे दाद मागायला गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या साधूंचे नाव सांगितले. साक्ष राहिली बाजूला, वाद धर्मावर गेला, आणि त्या एप्रिलमध्ये शहराच्या हाकिमाने चौघांनाही मारविले. दिल्लीच्या सुलतानाने पुढे त्या हाकिमाला शिक्षा केली, असे ओडोरिक या ख्रिस्ती साधूनेच लिहिले आहे; तेव्हा या कथेचा उपयोग कुणी आजच्या द्वेषासाठी करू नये.

त्यांचा सोबती जोर्दानुस याने प्रेते सोपाऱ्यास नेऊन पुरली. (याच सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे सापडले.) नंतर ओडोरिक आला. त्याने ती हाडे उकरून जहाजातून पार चीनमधील आपल्या मठापर्यंत नेली. थॉमसला १८९४ साली पोपने 'धन्य' म्हणून मान्यता दिली. ९ एप्रिल हा त्याचा दिवस.

आता दुसरी हाडे पाहा. ठाण्याच्या घटनेनंतर अवघ्या सतरा वर्षांनी, १३३८ साली, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि खाली राबणारे महार चिरडले गेले. त्यांत चोखोबा होते. नामदेवांनी त्यांची हाडे शोधून पंढरीस आणली. पण ठेवली कुठे? महाद्वारासमोर. बाहेर. माझी पणजी वारीला जायची ती तिथपर्यंतच. चोखोबाच्या समाधीवर डोके टेकायचे आणि मागे फिरायचे. आजी हे सांगताना रागावत नसे. राग मला यायचा. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली ते दार उघडले. म्हणजे सहाशे नऊ वर्षे चोखोबाची माणसे चोखोबाच्याच जागी उभी होती.

मग चर्चने सर्वांना आत घेतले असे म्हणायचे काय? गोन्सालोंचे चरित्र तसे सांगत नाही. बाप पोर्तुगीज, आई वसईची. जपानमध्ये त्यांनी जेझुइटांजवळ वर्षानुवर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. संघात प्रवेश काही मिळाला नाही. हिंदी आणि मिश्र रक्ताच्या माणसांना घेण्यास त्या काळी वरिष्ठांचा विरोध होता. गोन्सालो व्यापारात पडले, मग मनिलात फ्रान्सिस्कनांचे साधे बंधू झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवले, त्यांत ते होते. संतपद मिळाले १८६२ साली, दोनशे पासष्ट वर्षांनी. जिवंतपणी ज्याला दाराशी उभे केले, त्याला मेल्यावर वेदीवर बसवले. ही रीत आपल्या ओळखीची नाही काय?

आणि धर्मसत्तेपुरतेच हे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या. १९५६ साली शीख, १९९० साली बौद्ध त्यात आले. दोन्ही वेळा दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यांचीही हाडे महाद्वारासमोरच आहेत.

मला मात्र सर्वांत जास्त बोचते ते वेगळेच. ठाण्याच्या साऱ्या प्रकरणाची सुरुवात जिच्या फिर्यादीने झाली, त्या मार खाल्लेल्या बाईचे नाव कुणी लिहिले नाही. गोन्सालोंच्या आईचेही नाही. चोखोबांच्या पत्नीचे, सोयराबाईंचे नाव मात्र आपल्याला ठाऊक आहे, बहीण निर्मळेचेही. कारण त्यांनी स्वतः अभंग रचले आणि सोयराबाईंनी तर 'चोख्याची महारी' अशी आपली मुद्रा त्यांवर उमटवली. जागा दुसऱ्याने दिली ती दाराबाहेरची मिळाली. नाव स्वतः लिहिले ते टिकले.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अन्टचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. आणि आठच वर्षांनी त्यांनी बुद्धाचा मार्ग धरला. यात मला विसंगती दिसत नाही. संतांचा मान ठेवायचा, पण त्यांना दिलेली जागा नाकारायची, असा त्याचा अर्थ मी घेतो.

चर्चमध्ये संताचा सण बहुधा त्याच्या मृत्यूच्या दिवशी असतो. तो त्याचा स्वर्गातला जन्म मानतात. ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळील चर्च ज्याच्या नावाचे आहे, तो बाप्तिस्मा करणारा योहान अपवाद. २४ जूनला त्याचा जन्मदिवसही पाळतात. आपणही दोन्ही दिवस पाळतो, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर. ते कुणा पोपने वा बडव्याने ठरवून दिलेले नाहीत. सहा डिसेंबरला कल्याण-डोंबिवलीहून दादरला जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतल्या किती बायांची नावे आपण लिहून ठेवली आहेत? हे काम आपण केले नाही, तर ठाण्याच्या त्या बाईसारखी आपली आईही केवळ कुणाची तरी आई म्हणून उरेल, आणि त्या वेळी दोष देण्यासाठी दुसरा कुणी नसेल.