शालेय ग्रंथालयातून पुस्तके काढणे

शाळेच्या दाखल नोंदवहीत क्रमांक पडलेले बालपुस्तक धार्मिक किंवा अस्मितेच्या आक्षेपावरून मुलांना देणे थांबवण्याची कृती. सरकारी बंदीहून ती वेगळी आहे. बंदीचा आदेश राजपत्रात छापला जातो आणि त्याला उच्च न्यायालयात आव्हान देता येते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर महाराष्ट्र शासनाने २००४ साली घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये उठवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम ठेवला. शाळेतले पुस्तक काढायला मात्र मुख्याध्यापकांचा तोंडी शब्द पुरतो, आणि तोंडी शब्दाविरुद्ध दाद कुठे मागणार?

धार्मिक संस्थेच्या शाळेतले अलीकडचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. नॅशव्हिल येथील सेंट एडवर्ड कॅथलिक शाळेने २०१९ साली ‘हॅरी पॉटर’ मालिकेची पुस्तके ग्रंथालयातून काढली. त्यांतले मंत्र खरे असून ते वाचल्याने दुष्ट शक्ती ओढवतात, असे तेथील धर्मगुरूंनी पालकांना कळवले होते. चर्चच्या प्रांतिक शिक्षण कार्यालयाने पुस्तकांवर मत दिले नाही. असा निर्णय धर्मगुरूंच्या अधिकारात येतो, एवढेच सांगितले.  कॅथलिक चर्चची निषिद्ध ग्रंथांची अधिकृत सूची १९६६ सालीच रद्द झाली होती. पण सूची गेली म्हणून सवय जात नाही. गोव्यात सोळाव्या शतकात स्थानिक भाषांतली पुस्तके धर्मसत्तेने जाळली, आणि त्याच गोव्यात १६१६ साली रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. चर्चला भाषेचे वावडे नव्हते. मुलामाणसांनी काय वाचायचे हे ठरवण्याचा हक्क तेवढा त्याला स्वतःकडे हवा होता.

भारतात या हक्काला घटनेच्या कलम ३० चा आधार मिळतो : धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करता व चालवता येतात. प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टीची पुस्तके असावीत, असे शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात म्हटले आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे व वेदपाठशाळा, आणि ‘प्रमती’ खटल्याच्या निकालाने (६ मे २०१४) सर्व अल्पसंख्याक शाळा या कायद्याबाहेर गेल्या. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली.

महाराष्ट्रात गाजलेला प्रसंग मात्र सरकारी खरेदीतला आहे. सर्व शिक्षा अभियानातून शाळांना वाटलेल्या ‘समर्थ श्री रामदास स्वामी’ या नागपुरात प्रकाशित झालेल्या पुस्तकात संभाजी महाराजांविषयी बदनामीकारक मजकूर असल्याचा आक्षेप ऑक्टोबर २०१८ मध्ये घेतला गेला. आंदोलने झाली आणि पुस्तक शाळांतून परत मागवण्यात आले. संतचरित्र म्हणून जे निर्धोक वाटले, तेच अडचणीचे ठरले. मजकूर तपासण्याची वेळ खरेदीआधीची असते. इथे ती वाटपानंतर आली.

पण कोणता मजकूर कोणाला खटकेल हे आधी ओळखणे सोपे नसते, याचे उदाहरण म्हणजे गोंदिया जिल्हा. तिथे मराठी व हिंदी माध्यमाच्या शाळा शेजारी शेजारी चालतात. घरात पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढी ऐकू येते. सालेकशाजवळच्या कचारगडला दर माघ पौर्णिमेला गोंड समाजाची यात्रा भरते. त्यामुळे एका घरी श्रद्धेची असलेली कथा दुसऱ्या घरी अपमानाची वाटू शकते. रावणवधाची गोष्ट हे सोपे उदाहरण : रावणाला पूर्वज मानणारे गोंड या भागात आहेत. अशी गोष्ट कपाटात ठेवायची की नाही, यापेक्षा तिच्या शेजारी गोंडी कथेचे पुस्तक आहे का, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. समग्र शिक्षा अभियानातून शाळेच्या स्तरानुसार ग्रंथालयासाठी वर्षाला ५ ते २० हजार रुपयांची तरतूद आहे. त्यात फार निवड होत नाही.

जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत स्वतंत्र ग्रंथपाल नसतो. किल्ली वर्गशिक्षकाकडे असते. अनुदानातून घेतलेले पुस्तक फेकून देता येत नाही, त्याचे रीतसर निर्लेखन, म्हणजे नोंदीतून वजा करणे, करावे लागते. त्या प्रस्तावात जीर्ण, वाळवी लागलेले, गहाळ अशी कारणे लिहिली जातात. ‘पालकांचा आक्षेप’ असा रकाना नसतो. म्हणून नकोसे पुस्तक बहुधा निर्लेखितही होत नाही. ते कपाटाच्या वरच्या खणात जाते आणि वार्षिक पडताळणीत ‘उपलब्ध’ म्हणून मोजले जाते.