तरुण मन आणि भावनांचे नियमन

परीक्षेतील अपयश, मैत्रीतील दुरावा, घरातील कलह अशा प्रसंगी उसळणारी भावना सावरण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात ‘भावनांचे नियमन’ असे म्हणतात. कोणती भावना किती तीव्रतेने आणि किती काळ अनुभवायची, ती कशी व्यक्त करायची, यावर माणूस कळत-नकळत जो प्रभाव टाकतो, तो या संज्ञेत अभिप्रेत आहे. मराठी घरांत त्यासाठी ‘मनावर ताबा ठेव’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. मात्र त्याचा अर्थ बहुधा ‘चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस’ असाच घेतला जातो आणि गल्लत होते ती येथेच.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना किळस आणणारी चित्रफीत दाखवण्यात आली. काहींना तिच्याकडे तटस्थ, अलिप्त दृष्टीने पाहण्यास सांगितले होते. काहींना भावना चेहऱ्यावर उमटू न देण्यास. पहिल्या गटाला किळस कमी जाणवली. दुसऱ्या गटाचे चेहरे कोरे राहिले, पण आतली किळस कमी झाली नाही. उलट शरीरावरील ताण वाढला. पहिल्या पद्धतीला पुनर्मूल्यांकन, तर दुसरीला दमन म्हणतात. पुढे २००० मध्ये ग्रॉस व जेन रिचर्ड्स यांनी दाखवून दिले, की भावना दडपण्यात गुंतलेल्या माणसाला त्या वेळी ऐकलेले, पाहिलेले कमी आठवते. अभ्यासाची भीती लपवत पुस्तकापुढे बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांनी हा निष्कर्ष अवश्य ध्यानात घ्यावा.

तरुण वयात हे नियमन कठीण का जाते? वयात येताना भावनांशी निगडित मेंदूची केंद्रे अधिक संवेदनशील होतात. आवेग आवरणारा, परिणामांचा विचार करणारा कपाळामागील भाग मात्र साधारण पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो. म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा संताप हा निव्वळ उद्धटपणा मानणे अन्यायाचे आहे. याच वयात मानसिक आजारांचीही सुरुवात होते. अमेरिकेतील एका राष्ट्रीय पाहणीच्या २००५ मधील निष्कर्षानुसार, आयुष्यात कधी तरी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्मे वयाच्या १४ व्या आणि तीन चतुर्थांश २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. आपल्याकडील चित्रही चिंताजनक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. अशा घटनांमागे अनेक कारणे एकत्र आलेली असतात. एकट्या निकालाला किंवा एका भांडणाला दोष देणे चुकीचे ठरते.

दमनाइतकीच घातक दुसरी सवय म्हणजे झालेला प्रसंग मनात पुन:पुन्हा उगाळत बसणे. सुसान नोलेन-होक्सेमा यांच्या संशोधनातून या सवयीचा नैराश्याशी असलेला निकटचा संबंध स्पष्ट झाला. उगाळणाऱ्याला आपण विचार करीत आहोत असे वाटते; प्रत्यक्षात विचार पुढे सरकतच नाही.

उपायांपैकी सर्वांत साधा म्हणजे भावनेला नेमके नाव देणे. भावना शब्दांत मांडली असता मेंदूतील अमिग्डला या केंद्राची उत्तेजना कमी होते, असे मॅथ्यू लिबरमन व सहकाऱ्यांना २००७ मध्ये आढळले. आज ‘टेन्शन आलंय’ किंवा ‘मूड नाही’ या दोन वाक्यांत मुलांचे सगळे भावविश्व कोंबले जाते. वास्तविक धास्ती, हुरहूर, खंत, चीड, वैताग, रुखरुख, शरम या मराठीतल्या वेगवेगळ्या छटा आहेत आणि प्रत्येकीवरचा उतारा निराळा आहे. धास्ती असेल तर तयारी करता येते, शरम असेल तर विश्वासातल्या माणसाशी बोलावे लागते.

यापुढचे पाऊल म्हणजे विचार तपासणे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचे सूत्र असे, की भावनिक त्रास केवळ घटनेतून नव्हे, तर घटनेकडे पाहण्याच्या दृष्टिकोनातून निर्माण होतो. ‘मला प्रवेश मिळायलाच हवा, नाही तर मी कुचकामी’ या हट्टाच्या जागी ‘प्रवेश मिळावा अशी तीव्र इच्छा आहे; न मिळाल्यास वाईट वाटेल, पण माझे मोल संपणार नाही’ हा विचार आला, तर दु:ख राहते, पण उद्ध्वस्तपणा ओसरतो. छळ किंवा हिंसा सोसणाऱ्या मुलाला मात्र दृष्टिकोन बदलण्याचा उपदेश करू नये. तेथे आधी परिस्थिती बदलावी लागते.

मुले हे सारे शिकतात ती घरातल्या मोठ्यांकडे पाहून. रडणाऱ्या मुलाला ‘एवढ्याशा गोष्टीसाठी काय रडतोस’ असे म्हणण्याऐवजी त्याचे म्हणणे आधी शांतपणे ऐकून घेतले, तर सल्ला नंतरही देता येतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी उदासी, झोप किंवा भूक बिघडणे, मित्रांपासून तुटणे, स्वत:ला इजा करणे किंवा मरणाची भाषा दिसल्यास घरगुती उपायांवर विसंबू नये; मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मरणाच्या विचारांबद्दल थेट विचारल्याने ते विचार बळावतात, ही समजूत निराधार आहे. केंद्र सरकारची १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.