मुळेचे पाणी आणि शहरची आगगाडी

सन १९२४ च्या अखेरीस सेनापती बापट व त्यांचे काही सोबती यांनी मुळशीच्या मावळात धरणाच्या कामाची आगगाडी अडविली. थोड्याच दिवसांनी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, मुंबईस बोरीबंदरापासून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी धावली. या दोन गाड्यांची गाठ सहसा कोणी घालीत नाही. रेल्वेचा इतिहास लिहिणारे मुळशीस येत नाहीत, आणि सत्याग्रहाचा इतिहास लिहिणारे कुर्ल्याच्या गाडीत बसत नाहीत.

हिशेब मात्र चोख मांडला पाहिजे. ती पहिली गाडी मुळशीच्या पाण्यावर धावली असे म्हणता येत नाही. धरण तेव्हा पुरे झालेच नव्हते. टाटांची खोपोली व भिवपुरी येथील वीजगृहे त्यापूर्वीच चालू झाली होती. मुळशीचे पाणी घाटमाथ्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्यास सोडण्याचे काम १९२७ साली सिद्धीस गेले. जी मुळा भीमेस मिळून, कृष्णेच्या संगतीने बंगालच्या उपसागराकडे जावयाची, तिचे पाणी कुंडलिकेवाटे अरबी समुद्राकडे वळले. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. टाटांच्या विजेचे मोठे गिऱ्हाईक मुंबईच्या गिरण्या होत्या, हे खरे. परंतु उपनगरात बिऱ्हाड थाटून फोर्टात चाकरीस जाणारा कारकून, म्हणजे आमचाच पांढरपेशा वर्ग, हाही या विजेचा वाटेकरी झाला.

किंमत दिली ती मावळ्यांनी. बावन्न गावे व सुमारे अकरा हजार माणसे या धरणाच्या तडाख्यात सापडली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रहास आरंभ झाला. पुढे त्यात फूट पडली, आणि ती कोठे पडली हे आम्हांस विसरून चालणार नाही. जमिनींचे कागदोपत्री मालक पुष्कळसे पुण्याचे सावकार होते. त्यांस मोबदला हवा होता. जमीन कसणाऱ्या कुळांस मात्र धरणच नको होते. मालकीचा दाखला ज्याच्या पेटीत, मोबदला त्याच्या हाती, असाच व्यवहार पुष्कळ ठिकाणी झाला. पुण्यातल्या किती घरांत ते रुपये आले, याची चौकशी आम्हीही कधी केली नाही.

योगायोग असा की, भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले त्याच १९२७ साली, ३० डिसेंबर रोजी, टोकियोत उएनो ते असाकुसा हा अवघ्या २.२ किलोमीटरांचा भुयारी मार्ग खुला झाला. आज त्या नगरीत भुयारी मार्गांचे जाळे आहे. आणि त्याच्या जोडीस यामानोते ही ३४.५ किलोमीटरांची वर्तुळाकार वाट आहे. १९२५ साली तिचे वर्तुळ पुरे झाले. तीस स्थानकांच्या या वाटेवर एखादे स्थानक चुकले तरी नवखा प्रवासी गाडीतच बसून राहिला, तर सुमारे तासाभराने पुनः तेथेच येतो. परंतु ही गाडी ज्या विजेवर चालते तिचा एक भाग दूर निईगाता प्रांतातील शिनानो नदीच्या पाण्यापासून होतो. रेल्वे खात्याने १९३९ साली तेथे वीज निर्माण करण्यास आरंभ केला. नदीचे पात्र कोरडे पडते, ही तोकामाची येथील लोकांची जुनी तक्रार होती. पुढे उघडकीस आले की, रेल्वे कंपनी परवान्याहून अधिक पाणी उचलीत होती आणि मोजणीच्या यंत्रातून ते लपवीत होती. २००९ साली सरकारने तिचा पाण्याचा हक्कच काढून घेतला. नदीत अधिक पाणी सोडण्याचे ठरल्यावर २०१० साली तो परत दिला.

जपानी लोक आमच्याहून अधिक न्यायी आहेत, असे यावरून आम्ही म्हणणार नाही. सत्तर वर्षे पाणी तेथेही मुकाट्याने गेलेच होते. परंतु तोकामाची हे गाव जागेवर उभे होते, म्हणून त्यास दाद मागता आली. मुळशीत दाद मागणाऱ्यांच्या शेतांवर पाणी चढले होते.

सेनापतींस सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ साली ते सुटून आले तेव्हा पुणे व मुंबई यांमध्ये विजेवर चालणारी डेक्कन क्वीन धावत होती. तिला सुरू होऊन नुकतेच एक वर्ष झाले होते.