विषय कोणी निवडले?

दहावीचा निकाल लागला, की सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत एकच प्रश्न घरोघर फिरू लागतो : "पोरांनी काय घ्यावे? सायन्स, कॉमर्स की आर्ट्‌स?" आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत व वाचनालयात अधिक झालेले. तरीही लोक आम्हांला विचारतात, कारण कोणत्या सर्टिफिकिटाला कारखान्यात काय मोल येते, हे आम्ही रोज पाहतो. श्रोतेहो, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो आधी पाहू.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीतले. परीक्षा होती विद्यापीठात प्रवेश देण्यासाठी. परंतु पुढे तीच सरकारी चाकरीचा परवाना होऊन बसली, आणि शाळेत काय शिकवावे हेही तीच ठरवू लागली. १८८२ च्या हंटर कमिशनने सुचविले, की हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा कराव्यात. एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यापारधंद्याकडे. सूचना शहाणपणाची, पण दुसरी वाट ओसच राहिली. याचा दोष पांढरपेशांच्या हाताला काळे न लावण्याच्या वृत्तीला देतात. आम्हांला हे अर्धेच पटते. पहिल्या वाटेच्या शेवटी पगार होता, पेन्शन होती. दुसरीच्या शेवटी तशी हमी नव्हती. बापाने हिशेब केला, यात त्याचे काय चुकले?

आणि ज्यांना हिशेब करण्याचीही मुभा नव्हती त्यांचे काय? मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायचे होते. वडिलांचीही तीच इच्छा. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकविणार नाही, असे शिक्षकांनी सांगितले. थोरले बंधू आनंदराव यांच्यावरही हाच प्रसंग आला होता. दोघांनी नाइलाजाने फारसी घेतली. कागदोपत्री ती 'निवड'च दिसली असेल! १९०७ साली आंबेडकर मॅट्रिक झाले आणि पुढे बी. ए. ला त्यांचे विषय होते इंग्रजी व फारसी. शाळेत लागलेले वळण कॉलेजातही सुटले नाही. संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले. मार्च १९३० मध्ये आपल्या याच शहरात काळारामाच्या बंद दारापुढे त्यांचे अनुयायी बसले, तेव्हा बंद दार म्हणजे काय हे त्यांच्या नेत्याला शाळेच्या बाकावरच कळलेले होते.

स्वराज्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने पुन्हा फाटे पाडले, या खेपेस दोन नव्हे, सात : मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, व्यापार, शेती, ललितकला, गृहविज्ञान. त्यासाठी बहुउद्देशीय शाळा काढायच्या आणि मुलांना वाट दाखविणारे मार्गदर्शक नेमायचे. हेतू उत्तम होता. पण यंत्रे, शेड आणि शिकविणारे कारागीर फुकट मिळत नाहीत, आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोराने जन्माचा धंदा ठरवावा, ही अपेक्षाच आम्हांला विचित्र वाटते. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले, की पहिली दहा वर्षे सर्वांना सामान्य शिक्षण द्या. गणित व विज्ञान मुलींनाही. महाराष्ट्रात या नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ साली झाली. आमच्या मते शाळेच्या इतिहासातली ही मोठी गोष्ट. मोर्चे निघाले नाहीत म्हणून ती कोणाच्या लक्षात राहिली नाही. त्याआधी कामगाराची मुलगी विज्ञानाच्या वाटेला गेलीच, तर ती अपवादाने.

फाटा आता दहावीच्या पुढे सरकला. २०१६ पासून काही वर्षे मंडळाने दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. चाचणीला आमचा विरोध नाही. पण ज्या मुलाने प्रयोगशाळा कधी नीट पाहिली नाही, त्याचा कल प्रयोगशाळेकडे नाही असे निघाले, तर ते त्याच्या कलाबद्दल सांगते की त्याच्या शाळेबद्दल?

तेव्हा आम्ही पालकांना आवड विचारतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. दुसरा प्रश्न असा : हा विषय सोडला तर कोणते दार बंद होते? जीवशास्त्र सोडलेल्याला डॉक्टरकीचे दार सहजी लागत नाही. उलट दोन वर्षांची आयटीआय केलेला मुलगा पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो, आणि पदविकावाला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. ही मागची दारे उघडी आहेत, हे फिटरच्या घरात पुष्कळदा ठाऊकच नसते. साहेबाच्या घरात पुढचे दारही ठाऊक असते आणि मागचेही. म्हणून जून महिन्यात आमच्या कचेरीच्या फळ्यावर पगारवाढीच्या कराराच्या कलमांशेजारी आम्ही या प्रवेशांची माहितीही लिहून ठेवतो. पाळी सुटल्यावर बापाबरोबर पोरगीही ती वाचायला येते, आणि प्रश्न बहुधा तीच विचारते.