उसनी झोप

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराला तोलून धरणारे तीन उपस्तंभ होत, असे चरकसंहितेत सांगितले आहे. त्यांपैकी निद्रेची गोष्ट काही निराळीच आहे. आहारावर माणूस ताबा ठेवू शकतो, संयमाचा अभ्यास करू शकतो. पण झोप मात्र आज्ञेने येत नाही. जितक्या आग्रहाने तिला बोलवावे तितकी ती दूर सरते. म्हणूनच अफू, भांग आणि मद्य यांच्याकडून ती उसनी आणण्याचा खटाटोप माणूस फार पूर्वीपासून करीत आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम रसायनशाळेने अंगावर घेतले आणि उसनवारीला शास्त्राची प्रतिष्ठा लाभली.

जर्मन रसायनज्ञ लीबिग याने १८३२ साली क्लोरल नावाचा पदार्थ तयार केला होता. त्याचा उपयोग काय, हे पुढे सदतीस वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. १८६९ मध्ये बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख याने असा तर्क बांधला की, हा पदार्थ रक्तात गेला म्हणजे त्याचे क्लोरोफॉर्म होईल आणि रुग्णाला झोप लागेल. तर्क चुकीचा होता. झोप मात्र खरोखरच लागली! औषधांच्या इतिहासात असे योग पुष्कळ आहेत. अफूसारखी सवय न लावणारे औषध म्हणून क्लोरलचे युरोपभर स्वागत झाले. थोड्याच वर्षांत इंग्रज कवी व चित्रकार रोझेटी त्याच्या इतका आहारी गेला की, त्याची कडवट चव मारण्यासाठी तो वर व्हिस्की घेऊ लागला. १८८२ मध्ये जर्जर अवस्थेत त्याचा अंत झाला. आकाशाच्या निळाईचा उलगडा करणाऱ्या टिंडॉल या शास्त्रज्ञाला निद्रानाश जडला होता. १८९३ च्या डिसेंबरात त्याच्या पत्नीने मॅग्नेशियाऐवजी नजरचुकीने क्लोरलचीच मात्रा त्याला पाजली आणि ती त्याची अखेरची झोप ठरली.

विसाव्या शतकाच्या आरंभी एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग या दोघांनी व्हेरोनाल हे पहिले बार्बिट्युरेट औषध पुढे आणले. इटलीतील व्हेरोना या शांत नगरावरून हे नाव सुचले, अशी आख्यायिका आहे. १९१२ मध्ये ल्युमिनाल आले आणि मग या कुळाचा विस्तार झपाट्याने झाला. क्लोरलला वास होता, चव होती. ही तर सुबक गोळी, पाण्याच्या घोटाबरोबर उतरणारी. तिची सवय लागते की नाही, यावर ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात मोठा वाद माजला. विषशास्त्राचे नामांकित तज्ज्ञ सर विल्यम विल्कॉक्स 'लागते' असे बजावीत होते. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, दोष औषधाचा नसून दुबळ्या मनाच्या रुग्णाचा आहे. हा युक्तिवाद पुढे प्रत्येक नव्या गोळीच्या बचावासाठी वापरला गेला, म्हणून तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

वादाचा निकाल लागला १९५० साली, अमेरिकेतील केंटकी राज्यात. लेक्झिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात हॅरिस इस्बेल व त्याच्या सहकाऱ्यांनी पाच माणसांना कित्येक आठवडे बार्बिट्युरेटच्या मोठ्या मात्रा दिल्या आणि मग औषध एकाएकी बंद केले. पहिल्या काही तासांत ती माणसे शुद्धीवर आल्यासारखी, सुधारल्यासारखी दिसली. नंतर हातपाय कापू लागले, झोप पार उडाली. बहुतेकांना फेफऱ्यासारखे झटके आले, भ्रम झाला, नसलेली माणसे दिसू लागली. व्यसनमुक्तीसाठी तेथे ठेवलेल्यांवर असे प्रयोग करावेत काय, हा प्रश्न आज विचारला जाईल आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु त्या पाचजणांच्या यातनांतून एक गोष्ट निर्विवाद ठरली: हे दुबळ्या मनाचे खेळ नव्हेत; गोळीने मेंदूच बदलतो, आणि ती तडकाफडकी सोडणे जिवावर बेतू शकते.

शिवाय झोप आणणारी मात्रा व प्राण घेणारी मात्रा यांत या औषधांच्या बाबतीत अंतर थोडे. १९६२ च्या ऑगस्टमध्ये मेरिलिन मन्रो ही नटी मृतावस्थेत सापडली, तेव्हा तिच्या शरीरात बार्बिट्युरेट तर होतेच, पण त्याच्या जोडीला टिंडॉलच्या काळचे क्लोरलही होते.

मग निरुपद्रवी गोळीचा शोध सुरू झाला. 'निरुपद्रवी' हे विशेषण किती महाग पडू शकते, ते थॅलिडोमाइडने दाखविले. १९५७ पासून पश्चिम जर्मनीत झोपेचे औषध म्हणून चिठ्ठीवाचून मिळणारी ही गोळी १९६१ च्या नोव्हेंबरात मागे घेतली गेली, तोवर हजारो अर्भके व्यंगे घेऊन जन्मली होती. ती कथा स्वतंत्र आहे. प्रस्तुत कथेचा धागा न्यू जर्सीतील एका प्रयोगशाळेकडे जातो. तेथे लिओ स्टर्नबाख याने बनविलेले एक संयुग फडताळात पडून होते. १९५७ मध्ये आवराआवर करताना ते हाती लागले आणि तपासणीअंती गुणकारी निघाले. १९६० साली ते लिब्रियम या नावाने बाजारात आले, १९६३ मध्ये त्याचे भावंड व्हॅलियम आले, आणि १९६५ च्या सुमारास मोगाडॉन ही खास झोपेची गोळी. सहसा एकट्या गोळीने मरण येत नव्हते, हा मोठाच लाभ होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. १९६९ पासून पुढे बारा-तेरा वर्षे अमेरिकेत सर्वाधिक लिहून दिले जाणारे औषध म्हणजे व्हॅलियम.

धोक्याची सूचना मात्र पहिल्याच वर्षी मिळाली होती. १९६१ मध्ये लिओ हॉलिस्टर याने लिब्रियमच्या मोठ्या मात्रा महिनोन्‌महिने घेतलेल्या अकरा मनोरुग्णांचे औषध न सांगता बंद केले. दहाजणांना त्रास झाला, दोघांना झटके आले. आणि ते झटके आले सातव्या-आठव्या दिवशी! औषध शरीरात इतके दिवस रेंगाळते की, ते थांबविल्याचा परिणाम दिसेपर्यंत थांबविल्याची गोष्टच विस्मरणात जाते. मोठ्या मात्रेमुळे असे झाले असेल, अशी समजूत करून घेण्यात आली. १९८० साली ब्रिटनच्या एका अधिकृत समितीने उपलब्ध पुराव्यावरून हिशेब मांडला की, १९६० ते १९७७ या काळात देशात या गोळ्यांच्या आधीन झालेली माणसे २८ असावीत. लाखो माणसे रोज गोळी घेत होती, आणि आधीन झालेली अवघी अठ्ठावीस!

डॉक्टर काही आंधळे नव्हते. फसगतीचे मूळ दुखण्याच्या स्वरूपातच होते. दारू सुटताना जे होते ते दारुड्याला पूर्वी कधी झालेले नसते, म्हणून ते ओळखू येते. झोपेची गोळी सोडली म्हणजे काय होते? झोप उडते, जीव घाबरतो, छातीत धडधडते. ज्या तक्रारीसाठी गोळी सुरू झाली तीच तक्रार दुप्पट जोराने परत येते. रुग्णाला वाटते, आपला आजार उलटला. डॉक्टरलाही तेच वाटते. आणि दोघेही गोळी पुन्हा सुरू करतात. एका रात्रीत आराम पडतो, म्हणजे गोळीची गरज सिद्धच झाली! या चक्रात सापडलेला माणूस वीस वर्षे गोळी घेई आणि कोणाच्याही यादीत त्याचे नाव येत नसे.

१९८१ साली लंडनच्या पेटुरसन व लेडर यांनी साध्या, नेहमीच्या मात्रेवर दीर्घकाळ असलेल्या सोळा रुग्णांची गोळी हळूहळू बंद केली, आणि सोळाही जणांना लक्षणे जाणवली. त्यांत काही लक्षणे मूळ आजारात कधीच नसलेली होती: उजेड व आवाज असह्य होणे, तोंडाला धातूची चव येणे, पायाखालची जमीन हलल्याचा भास होणे. आजार कोणता आणि औषधाची ओढ कोणती, हे वेगळे करण्याची खूण त्यामुळे हाती आली. १९८८ मध्ये ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत, असे डॉक्टरांना कळविले.

पण ज्यांची वीस वर्षे आधीच गेली होती त्यांचे काय? त्यांच्यासाठी न्यूकॅसलच्या प्राध्यापिका हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ पासून बारा वर्षे एक दवाखाना चालविला. सुमारे तीनशे रुग्ण तेथे आले. अ‍ॅश्टनबाईंनी त्यांच्यावर नियम लादण्यापेक्षा त्यांचे ऐकून घेतले. तोवर 'काल्पनिक' म्हणून धुडकावल्या गेलेल्या तक्रारी त्यांनी टिपून ठेवल्या आणि त्यांतूनच रीत बसविली. लवकर उतरणारी गोळी बदलून हळू उतरणारे डायझेपाम द्यावे. मग एक-दोन आठवड्यांनी चालू मात्रेचा सुमारे दहावा हिस्सा कमी करावा. वेग रुग्णाने ठरवावा, डॉक्टरने देखरेख ठेवावी. महिने लागोत की वर्ष लागो, घाई करू नये. १९९९ मध्ये ही रीत पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली.

मधल्या काळात झोल्पिडेमसारख्या नव्या गोळ्या, जुन्यांहून सौम्य म्हणून, येऊन दाखल झाल्या होत्याच. त्याही मेंदूत त्याच जागी काम करतात आणि त्यांचीही सवय लागल्याचे पुढे दिसून आले. भारतात १९८५ च्या कायद्याने डायझेपामसारखी औषधे मनःप्रभावी पदार्थांत मोडू लागली. २०१४ च्या मार्चपासून अल्प्राझोलाम आदी गोळ्या विकताना डॉक्टर व रुग्ण यांची नावे आणि औषधाची संख्या स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपण्याचे बंधन औषधविक्रेत्यावर आले. विक्रीला आवर घालणे एवढेच या वहीचे काम. आधीच सवय जडलेल्याला पायरी-पायरीने खाली उतरविणारा डॉक्टर त्याला निराळा शोधावा लागतो.

या उतरणीत शेवटचे एक-दोन मिलिग्रॅमच सर्वांत कठीण, असे बहुतेकांना वाटते. अर्धीची पाव, पावाची कणभर झालेली ती गोळी सोडवत नाही. अ‍ॅश्टनबाईंचा अनुभव असा होता की, तेथे औषधाचा अंमल जवळजवळ संपलेला असतो, उरलेली असते ती भीती. आणि प्रत्यक्ष निरोपाची वेळ येते तेव्हा तो निरोप आश्चर्य वाटावे इतका सहज पार पडतो.